मयतीचा सदरा

आमच्या खोलीच्या दारामागे एक खिळा होता. त्याला एक पांढरा सदरा, एक लेंगा आणि एक पंचा टांगलेला असायचा. बाकी सगळ्यांचे कपडे ट्रंकेत, हे तेवढे बाहेर. ते बाबांचे मयतीचे कपडे. आई त्यांना हात लावत नसे. बाबा मयतीहून आले की चाळीच्या नळावर अंघोळ करायचे, तिथेच ते कपडे स्वतः धुवायचे, गॅलरीच्या टोकाला वेगळ्या दोरीवर वाळत घालायचे आणि वाळले की परत खिळ्याला. इस्त्री नाही, नीळ नाही. सदरा मूळचा गिरणीतल्या लठ्ठ्याचा, चांगला जाड होता म्हणे. मला आठवतो तो धुऊन धुऊन मलमलीसारखा झालेला.

घाटकोपरला डोंगराच्या उतारावर आमची चाळ. माणसं सगळी कोकणातली, बहुतेक गिरणीत असलेली. गिरण्या बंद पडल्यावर कुणी भाजीची गाडी लावली, कुणी रिक्षा चालवायला घेतली. बाबा एका कारखान्यात वॉचमन झाले. पण चाळीत त्यांना मान होता तो दुसऱ्याच कामाचा. कुणी गेलं की पहिला निरोप बाबांना. बांबू कुठून आणायचे, सुंभ किती लागेल, मडकं कुठे मिळेल, सगळं त्यांना ठाऊक. शेजारच्या खोलीतले काका आणि ते, दोघं मिळून तिरडी बांधायचे. आणि तिरडी बांधून झाली की बाबा उभे राहून जमलेल्या पुरुषांकडे एकदा नजर फिरवायचे. त्या नजरेला सगळे घाबरायचे.

मयतीला पुरुषांनी काय घालून यावं, याबद्दल बाबांचं मत फार पक्कं होतं. कपडे जुने, धुतलेले, पांढरे किंवा पांढऱ्याच्या जवळचे. इस्त्रीची घडी दिसता कामा नये. पट्टा नको, चामड्याचं पाकीट नको, घड्याळ काढून ठेवा. गळ्यापर्यंतची सगळी बटणं लावा. केसांना तेल लावून भांग पाडून येऊ नका. खांदा द्यायचा असेल तर बाह्या दुमडा, नुसतं उभं राहायचं असेल तर खाली सोडा. आणि अग्नी देणारा मात्र उघडा. नेसूचा पंचा आणि बाकी उघडं अंग, थंडी असो, पाऊस असो, तो साहेब असो की हमाल.

एकदा पलीकडच्या चाळीतला एक जण बिस्किटी रंगाचा सफारी घालून आला होता. तेव्हा सफारीची फार क्रेझ होती. बाबांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मयताक इलंस काय लग्नाक?"

"ऑफिसातून डायरेक्ट आलो ना, काका."

"मग डायरेक्ट परत जा. बदलून ये. आम्ही थांबतो."

"अहो, एवढ्या लोकांना माझ्यासाठी..."

"लोकांना नाय. ह्याला," असं म्हणून बाबांनी तिरडीकडे बोट केलं. "ह्याला आता घाई नाय."

तो बिचारा खरंच वर कुणाच्या तरी खोलीत गेला आणि सफारीचा वरचा भाग काढून नुसत्या गंजीत खाली आला. गंजीला पाठीवर दोन भोकं. काकांना हसू आवरेना, त्यांनी तोंड फिरवलं. बाबा गंभीरपणे म्हणाले, "हां. आता शोभतोस."

मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढं कशाला बघता कपड्यांकडे? जाणारा तर बघत नाही. ते म्हणाले, "म्हणूनच. तिथं कुणी तुझ्याकडं बघता कामा नये. सगळ्यांनी त्याच्याकडं बघायचं. घरी गेल्यावर लोकांना तू आठवलास, तर चुकलं."

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण आहे. गेल्या महिन्यात बायकोच्या माहेरचं एक मयत झालं, मुलुंडला. अग्नी देणारा मुलगा पंचा नेसून, वर वडिलांचा शर्ट घालून उभा होता. सगळं उरकल्यावर मला वाकून नमस्कार करायला आला आणि म्हणाला, "काका, तुमच्यासारखंच केलं. पप्पांचा शर्ट घातला. आमच्याकडे सगळे तसंच करतात आता." मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच क्षणी त्याला खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. कधीच कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला सांगावं लागलं नाही, तिला दिसलं.

तर आता सांगतो.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझ्या छातीवर, बरगडीच्या बाजूला, एक पांढरा डाग आला. आधी चार आण्याएवढा. मग काखेखाली एक, मग पाठीवर खांद्याच्या खाली मोठा, तळहाताएवढा. आई त्याचं नाव घ्यायची नाही. "ते" म्हणायची. ते वाढलंय का बघ. बाबा मात्र सरळ कोड म्हणायचे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की हे कुणाला लागत नाही, याने जिवाला काही होत नाही. पण चाळीत डॉक्टर राहत नव्हता. समोरच्या रांगेतल्या एका मुलीचं लग्न हातावरच्या एवढ्याशा डागावरून मोडलेलं मी पाहिलं होतं. तिची आई नळावर आली की बाकीच्या बायका आपापल्या बादल्या पुढे ओढून घ्यायच्या. तेव्हा मी ठरवलं, हे दिसू द्यायचं नाही. उन्हाळ्यातही शर्ट काढायचा नाही. अंघोळीनंतर मोरीतूनच गंजी घालून बाहेर यायचं. चाळीत हे सोपं नसतं, पण आठ वर्षं मी ते जमवलं.

रविवारी सकाळी बाबा मला चाळीच्या मागे, डोंगराच्या अंगाला घेऊन जायचे. तिथे एका खडकाआड कुणी यायचं नाही. मी शर्ट काढून उन्हाकडे पाठ करून बसायचो आणि ते बावचीचं तेल लावायचे. तेल लावून ऊन घेतलं की कातडी भाजल्यासारखी लाल व्हायची, कधी फोड यायचे. बाबा फुंकर घालायचे. एवढ्या तिरड्या बांधलेला तो हात, पण डागावर बोट ठेवायचे ते अगदी हलकं. मोजायचे, "हा वाढला नाय. हा थोडा वाढला." त्यांच्यासमोर मला कधी लाज वाटली नाही. जगात एकाच माणसासमोर मी उघडा बसत होतो.

नोकरी लागली, अंधेरीला एका कंपनीत कारकुनाची. मग स्थळं बघणं सुरू झालं. मुलुंडचं एक स्थळ आलं. मुलीचे वडील नोकरदार, शांत माणूस, दोन्ही मुलीच. ही थोरली. आम्ही जाऊन पोहे खाऊन आलो. मी काही बोललो नाही, मुलीकडे नीट बघितलंही नाही, बशीतल्या शेंगदाण्यांकडे बघत बसलो. मुलीचे वडील म्हणाले, "घरात विचार करून कळवतो."

परत येताना बसस्टॉपवर बाबा म्हणाले, "त्यांचं होय आलं की सांगून टाकू."

"काय सांगून टाकू?"

"काय म्हणजे? माणसं चांगली आहेत. चांगल्या माणसांना फसवायचं नाय."

मी म्हणालो, "सांगितलंत तर मी आयुष्यभर असाच राहीन. ते चालेल तुम्हाला? तुमचं काय, तुमचं होऊन गेलंय सगळं."

हे शेवटचं वाक्य मी बोललो. बसस्टॉपवर चार माणसं होती, त्यांच्यादेखत बोललो. बाबांनी मान रस्त्याकडे वळवली. मग म्हणाले, "बरं. मी नाय बोलणार." त्यानंतरचे दोन रविवार त्यांनी तेल लावलं, पण डाग मोजले नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात, मंगळवारी, ते सकाळी कामावरून आले, खाली बसले, आईकडे चहा मागितला, आणि चहा होईपर्यंत गेले. डॉक्टर आला तेव्हा कपबशी त्यांच्यासमोर तशीच होती, साय धरलेली.

चाळीत कुणी गेलं की बाबांना बोलवायचं, ही सवय इतकी होती की खालच्या मजल्यावरचा एक म्हातारा बातमी ऐकून, माझ्याकडे बोट करून म्हणाला, "मग ह्या पोराच्या बापाशीक निरोप दिलात काय?" कुणी हसलं नाही. काकांनी एकट्याने तिरडी बांधायला घेतली. गाठी मारताना पलीकडचं टोक धरायला दरवेळी मान वर करायचे आणि दुसऱ्याच कुणाला तरी बघून परत खाली घालायचे.

दुपारपर्यंत जमलेल्या सगळ्या पुरुषांचे कपडे बरोबर होते. एकाच्याही अंगावर इस्त्री नव्हती, एकाच्याही हाताला घड्याळ नव्हतं. बाबांना किती बरं वाटलं असतं. मी हे गॅलरीतून बघत होतो, आणि तेवढ्यात मुलुंडचे पाहुणे जिना चढून आले. मुलीचे वडील आणि त्यांचे दोन भाऊ. अजून होय-नाही काहीच कळवलं नव्हतं त्यांनी, तरी आले. तिघांनी जुने पांढरे शर्ट घातलेले. मुलीचे वडील माझ्याजवळ आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले, "आम्ही शेवटपर्यंत आहोत बरोबर."

बाप समोर झाकलेला पडला होता आणि मी विचार काय करत होतो, तर थोड्या वेळाने मला या माणसासमोर उघडं व्हायचंय. एकुलता एक मुलगा मी. अंघोळ, पंचा, उघडं अंग, हातात मडकं, आणि पुढे चालत जायचं. सगळी चाळ मागे, मुलुंडचे तिघे मागे. पाठीवरचा डाग त्यांच्या डोळ्यांसमोर पाव तास चालणार.

काकांनी हाक मारली. "झिला, न्हाऊन ये. पंचो नेस."

मी मोरीत गेलो. आमची मोरी म्हणजे खोलीच्या कोपऱ्यात पडदा लावलेली जागा. पडद्याबाहेर बायका रडत होत्या. डोक्यावरून दोन तांबे घेतले, पंचा नेसला आणि तसाच उभा राहिलो. ताप आहे म्हणू? चक्कर आली म्हणू? बाहेरून काका परत म्हणाले, "झालां काय रे?" पडद्याच्या फटीतून मला दार दिसत होतं. दाराच्या मागचा खिळा दिसत होता.

हात बाहेर काढून मी तो सदरा ओढून घेतला. आत आधी गंजी घातली. त्यावर सदरा. सगळी बटणं लावली, गळ्यापर्यंत.

मी बाहेर आलो तेव्हा काका क्षणभर बघतच राहिले. त्यांना वाटलं असेल, मी भांबावलोय. हळूच म्हणाले, "सदरो काढ, बाबा. अग्नी उघड्या आंगान देवचो असता."

"हा बाबांचा आहे," मी म्हणालो.

"कळता मरे माका. पण असा चलाचा नाय. तुझ्या बापाशीनच म्हटला असता..."

"मी ह्याच्यातच देणार. बाबांच्याच सदऱ्यात देणार."

माझा आवाज फुटला. तो खोटा नव्हता, हे मला आजही म्हणावंसं वाटतं. पण फुटला तो कशासाठी, ते मला माहीत होतं. पडद्याजवळच्या एका बाईने हंबरडा फोडला, "बापाचो सदरो घातल्यान गो पोरान!" मग सगळ्याच बायका रडायला लागल्या. काका काहीतरी बोलणार तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. डोळे पुसत म्हणाले, "असू द्या हो. पोराचं मन आहे. देव काही रागावायचा नाही."

काकांनी माझ्याकडे बघितलं. सदऱ्याच्या विरलेल्या कापडातून गंजीची किनार दिसत होती, तिकडे बघितलं. बापाची आठवण म्हणून सदरा घालणारा मुलगा आत गंजी कशाला घालेल, हा प्रश्न त्यांना पडला की नाही, कोण जाणे. त्यांनी मडकं माझ्या हातात दिलं.

आई भिंतीला टेकून बसली होती. ती रडायची थांबली होती आणि माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळलं होतं. तिने मान फिरवून बाबांकडे बघितलं, आणि त्यांच्या तोंडावरची चादर, जी नीटच होती, ती परत नीट केली.

स्मशानात चितेभोवती फेऱ्या घालताना खांद्यावर पाण्याचं मडकं असतं. प्रत्येक फेरीला त्याला दगडाने एक भोक पाडतात आणि पाणी मागे सांडत जातं. हे मी लहानपणापासून बघितलेलं, पण त्या दिवशी माझ्या लक्षात आलं ते पहिली धार पाठीवर आल्यावर. मलमलीसारखा तो सदरा आणि आतली जुनी विरलेली गंजी, दोन्ही पाठीला चिकटले. दुसऱ्या फेरीला मला फक्त माझी पाठ जाणवत होती. बाबा माझ्या डाव्या हाताला होते, लाकडांवर, आणि मी एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. मी मुलुंडच्या पाहुण्यांकडे बघत होतो. ते कुठे उभे आहेत, वळणावर माझी पाठ त्यांच्याकडे होते का, खांदा थोडा तिरका धरला तर चालेल का.

तिसरी फेरी संपायच्या आत काका पुढे आले आणि त्यांनी आपल्या खांद्यावरचा पंचा माझ्या पाठीवर टाकला. "गारठतलंस," म्हणाले. भर एप्रिल महिना होता. त्यांना काही दिसलं होतं का, हे मी त्यांना कधी विचारलं नाही, आणि आता ते नाहीत.

अग्नी मी दिला. बाबांचा चेहरा शेवटचा कसा दिसला, हे मला आठवत नाही. सगळ्यांना आठवतो. आई सांगायची, काका सांगायचे, शांत होता म्हणून. मला त्या मुलीच्या वडिलांच्या चपला कुठे होत्या ते आठवतं.

परत आल्यावर नळावर सगळ्यांदेखत अंगावर सदरा ठेवूनच पाणी घेतलं. खोलीत आलो, भिंतीकडे तोंड करून बदलला आणि पिळून परत खिळ्याला लावायला गेलो. आई म्हणाली, "तिथं नको." दहाव्याला मी केस उतरवले. तेराव्याला तिने तो सदरा एका फडक्यात बांधून काकांकडे दिला आणि मला म्हणाली, "तो खिळा काढ." बस, एवढंच. त्यानंतर ती अकरा वर्षं जगली, पण या विषयावर आमच्यात दुसरं वाक्य झालं नाही.

मुलुंडहून होकार त्याच महिन्यात आला. वर्षाच्या आत उरकावं असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, म्हणून लग्न साधंच झालं.

लग्नानंतर चौथ्या दिवशी, सकाळी, आई पाणी भरायला गेली होती. मी भिंतीकडे तोंड करून शर्ट बदलत होतो. बायको चहा घेऊन आली. मला वाटलं होतं ती स्टोव्हपाशी आहे. कप खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

"कॉलेजपासून."

ती हिशेब करत होती हे मला कळत होतं, आणि तो हिशेब कुठे जाऊन थांबणार हेही.

"म्हणजे मयतीच्या वेळी होतं."

"हो."

"सदरा यासाठी घातला होतात?"

मी शर्ट घातला. बटणं लावली. "हो," म्हणालो.

ती खाली बसली. म्हणाली, "मला नाही म्हणायचं होतं. तुम्ही त्या दिवशी शेंगदाणेच मोजत होतात. मी आईला सांगितलं होतं, पप्पांना म्हण, हे स्थळ नको. मग पप्पा तुमच्याकडून मयतीहून आले आणि अंघोळ करून जेवायलाच बसेनात. रडत होते. म्हणाले, असा मुलगा शोधून मिळायचा नाही. जो बापाला असा निरोप देतो, तो बायकोला काय दुःख देणार. म्हणून मी हो म्हटलं."

मी म्हटलं, "मी येऊन सांगतो त्यांना."

"नको." ती एकदम उठली. "अजिबात नको. ते सगळ्यांना सांगत फिरतात. बँकेत सांगतात, दूधवाल्याला सांगतात. त्यांना कळलं तर मरतील ते. तुम्ही त्यांना कधी सांगायचं नाही. शपथ घ्या."

मी शपथ घेतली. एकदा बाबांकडून गप्प राहायचं वचन घेतलं होतं, आता मला ते द्यावं लागलं.

ती मला सोडून गेली नाही. चांगला संसार केला तिने. रागाने ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं मला कितीदा वाटलं. दोन वर्षांत डाग बोटांवर आले, मग ओठांच्या कडेला. आता लपवण्यासारखं काही राहिलं नव्हतं. लोकांनी विचारलं की माझ्याआधी तीच उत्तर द्यायची, "लग्नानंतर आलं हो." सासऱ्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी मुलुंडला एक वैद्य शोधून काढला आणि एक दिवस बाटली घेऊन आमच्या दारात उभे.

"जावईबापू, हे बावचीचं तेल. फार गुणकारी आहे म्हणतात."

रविवारी आम्ही त्यांच्याकडे गेलो की ते मला गॅलरीत उन्हाला बसवायचे आणि स्वतःच्या हाताने पाठीला तेल लावायचे. मी नको नको म्हणायचो. "अहो, मुलासारखे तुम्ही," म्हणायचे. वास तोच. पाठीवरच्या त्या तळहाताएवढ्या डागावर तेल चोळत ते मला धीर द्यायचे, "नवीनच आहे अजून. लवकर धरलंय आपण. जाईल." आतून बायको बाहेर यायची, आमच्याकडे बघायची आणि परत आत जायची. मी कठड्याला हात धरून बसायचो. दर रविवारी वाटायचं, आज सांगावं. पण शपथ तिची होती, आणि तेल लावणारा हात त्यांचा. कुणाला दुखवायचं, ते ठरवता यायचं नाही, आणि खरं सांगायचं तर न ठरवणं मला सोयीचंही होतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली तेव्हा सासरे गेले. थोडंसं दुखणं झालं आणि गेले. मुलगा नव्हता. अग्नी मीच द्यायचा, असं त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

मुलुंडच्या त्यांच्या दोन खोल्यांत आतल्या खोलीत मी अंघोळ करून पंचा नेसला. या वेळी मी ठरवून आलो होतो. अंगावर काही घालायचं नाही. माझी बोटं, ओठ, मान, सगळं लोकांनी बघितलेलं. पाठ बघून कुणाला आता धक्का बसणार नव्हता. बाबांना दिलं नाही ते निदान या माणसाला द्यावं, नियमाप्रमाणे, उघड्या अंगाने, आणि सगळ्यांनी त्यांच्याकडे बघावं. मी दाराकडे निघालो. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात सासऱ्यांचा एक शर्ट, मोतिया रंगाचा, टेरिकॉटचा. कडक इस्त्री केलेला. समारंभाला घालायचे तो.

"हा घाला," त्या म्हणाल्या.

"नको आई. अग्नी उघड्या अंगाने द्यायचा असतो."

"तुमच्या वडिलांना दिलात ना सदऱ्यात? हे नेहमी म्हणायचे, मला मुलगा नाही, पण माझ्यासाठी माझा जावई माझा शर्ट घालील. मला सांगून गेलेत ते. कुठला घालायचा तेही सांगून गेलेत."

"आई, ते तेव्हाचं वेगळं होतं..."

"काय वेगळं होतं?"

त्यांचे डोळे सुजलेले होते. त्यांच्या मागे त्यांचे दोन दीर उभे होते, तेच दोघे, जे तेव्हा चाळीत आले होते. थोरले म्हणाले, "घाला हो, जावईबापू. दादाची इच्छा होती." मी बायकोकडे बघितलं. जगात आता ती एकटीच होती, जी म्हणू शकली असती की राहू द्या. तिने सासूबाईंच्या हातातून शर्ट घेतला. क्षणभर मला वाटलं, ती तो बाजूला ठेवील.

तिने शर्टाची घडी मोडली आणि माझ्यापुढे बाही धरली. "घाला," म्हणाली, अगदी हळू. "त्यांना हेच माहीत होतं."

मी हात घातला. दुसरा घातला. शर्ट मला मोठा होत होता. ती समोर उभी राहून एकेक बटण लावत वर आली आणि गळ्याचं शेवटचंही तिने लावलं. तिने मान वर केली नाही. इस्त्रीची घडी छातीवरून सरळ खाली गेलेली मला दिसत होती.

मग सासूबाईंच्या दीरांनी बाहेरचं दार उघडलं. जिन्यावर, खाली आवारात, फाटकापर्यंत माणसं उभी होती. सगळ्यांना ती गोष्ट माहीत होती. सासरे तिरडीवर होते, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.